कळू द्या की एकदाचं! मराठी मालिका लिहिणाऱ्यांना ठाण्याहून खुलं पत्र

प्रति,
मराठी मालिकांचे कथाकार, पटकथा-संवादलेखक, दिग्दर्शक, निर्माते आणि कथेचं पुढे काय करायचं हे ठरवणारी वाहिन्यांवरची मंडळी यांस,

स. न. वि. वि.

धक्के द्यायला माझी ना नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्हाला वाटेल, आलं आणखी एक ‘हल्लीच्या मालिका बघवत नाहीत’ छापाचं पत्र. मला बघवतात. मी बघते. संध्याकाळी सातला आमच्या पाचपाखाडीच्या घरात टीव्ही लागतो. रिमोट सासूबाईंच्या हातात असतो आणि मी भाजी निवडत, मधेच पोळ्या लाटायला उठत, दहापर्यंत तुमचं सगळं पाहते. १९९९ साली अल्फा मराठी सुरू झाली आणि ‘आभाळमाया’ लागायला लागली तेव्हा मी नोकरीत होते; आता निवृत्त आहे. एवढ्या काळात किती नायिका माझ्या डोळ्यांदेखत सासुरवासातून सुटल्या आणि पुन्हा अडकल्या. तेव्हा थोडं हक्कानंच लिहिते आहे.

तक्रार एकच आहे. तुमच्या मालिकेत जे घडतं ते आम्हाला कळतं, शेजारणीला कळतं, खलनायिकेला तर आधीच ठाऊक असतं, घरातल्या गड्यालासुद्धा दाराआडून कळतं. ज्याला कळायला हवं त्याला तेवढं कळत नाही. कळायची वेळ आली की फोन वाजतो. फोन नाही वाजला तर दारात कोणीतरी पेढे घेऊन उभं असतं. तेही नसेल तर सांगणाऱ्याला भोवळ येते. ‘मला तुम्हाला एक महत्त्वाची गोष्ट सांगायचीय’ असं जो म्हणाला त्याचा मुक्काम पुढचे दोन महिने दवाखान्यात, हे आता आमच्या बिल्डिंगमधल्या चौथीतल्या पोरालाही पाठ आहे. दूध उतू जायला आलं की गॅस बारीक करायचा, खाली बसलं की पुन्हा मोठा करायचा, आणि आटून आटून पातेल्याला लागलं तरी उतू म्हणून जाऊ द्यायचं नाही. याला तुम्ही ट्विस्ट म्हणता. आमच्याकडे टाळाटाळ म्हणतात.

‘ठरलं तर मग’ २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाली. सायली हीच किल्लेदारांची हरवलेली खरी मुलगी तन्वी, हे आम्हा प्रेक्षकांना केव्हाच कळलं. किल्लेदारांच्या घरात मात्र प्रिया तन्वी म्हणून खुशाल नांदत राहिली. मालिका मी आवडीनं बघते, सायली झालेल्या जुई गडकरीचं काम मला पटतं आणि टीआरपीच्या यादीत ही मालिका वर असते, तेव्हा मी कोण सांगणारी म्हणा. पण सासूबाईंचा प्रश्न तुमच्यापर्यंत पोचवायला हवा. त्या म्हणाल्या, “आईला स्वतःची मुलगी ओळखू येईना, म्हणजे ती आई तरी खरी कशावरून?” बघा, या धाग्यावर आणखी सहा महिने निघतील. (नका काढू.)

गुपित फुटलं की गोष्ट संपते, अशी तुमची समजूत झालेली दिसते. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. गुपित फुटलं की गोष्ट सुरू होते.

कर्णाचंच घ्या. आपल्याकडे याहून मोठं गुपित नाही. लहानपणी आजीबरोबर देवळात पोथीला बसायचे, तेव्हा समोरच्या प्रत्येक म्हातारीला कर्ण कोणाचा मुलगा ते तोंडपाठ होतं. तरी तो अध्याय असेल त्या दिवशी गर्दी जास्त. व्यासांनी काय केलंय पाहा. कर्णाला सत्य युद्धाच्या आधीच कळतं. आधी कृष्ण सांगतो, मग कुंती स्वतः जाऊन सांगते. कोणाला भोवळ येत नाही, सांगायला निघालेल्या कृष्णाच्या रथाला अपघात होत नाही. कळतं, आणि कळल्यामुळेच पुढचं सगळं जड होतं. आता बाण सुटणार तो सख्ख्या भावावर, हे त्याला ठाऊक आहे. तो कृष्णाला सांगतो, युधिष्ठिराला हे कळू देऊ नकोस, कळलं तर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. कुंतीला सांगतो, तुझे पाच मुलगे राहतील, अर्जुन तरी किंवा मी तरी. आणि पांडवांना कळतं ते सगळं आटोपल्यावर, मेलेल्यांना पाणी द्यायच्या वेळी. एकाला आधी कळलं आणि बाकीच्यांना उशिरा, आणि दोन्ही वेळा कोणीतरी उद्ध्वस्त झालं. उशीर तिथंही आहे. पण त्या उशिराला कारण आहे आणि त्याची किंमत माणसं मोजतात. तुमच्याकडे उशिराचं कारण म्हणजे मोबाइलची बॅटरी संपली.

व्यास मोठे, त्यांना सोडा. तुमच्याच मालिका काय सांगतात? ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये गुपित नावातच फोडलेलं होतं. नवऱ्याचं बाहेर काय चाललंय ते राधिकाला कळलं, आणि तरी ती मालिका २०१६ पासून २०२१ पर्यंत चालली. शनाया, म्हणजे नवऱ्याची ती ‘बाहेरची’, करणारी नटी आधी रसिका सुनील, मग ईशा केसकर, मग पुन्हा रसिका सुनील अशी बदलली तरी आम्ही कुरकुर करून गप्प बसलो, कारण राधिका आता काय करणार, यात आमचा जीव अडकला होता. ‘रात्रीस खेळ चाले’चं उदाहरण तर याहून बोलकं आहे. पहिला भाग २०१६ मध्ये अण्णा नाईकांच्या मरणानं सुरू झाला. मग २०१९ मध्ये तुम्ही मागे गेलात आणि जिवंत अण्णा दाखवलेत. हा माणूस मरणार आहे, घर असं विस्कटणार आहे, हे सगळं आम्हाला माहीत असताना अख्खा महाराष्ट्र अण्णा आणि शेवंता बघायला बसला. आकेरीचा तो वाडा बघायला लोक सिंधुदुर्गात जायला लागले. शेवट माहीत होता म्हणून कोणी टीव्ही बंद केला नाही.

आणि ‘आई कुठे काय करते’. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, अरुंधतीला नवरा अनिरुद्ध आणि संजनाचं कळतं. तो भाग लागला तेव्हा आमच्या घरात पोळी तव्यावर करपली. पण मला त्या भागापेक्षा पुढचे महिने आठवतात. कळल्यावर ती घरातच राहते, त्याच स्वयंपाकघरात, त्याच माणसासाठी डबा भरायचा की नाही हा प्रश्न घेऊन. सासरे तिच्या बाजूचे, सासू मुलाच्या बाजूची, मोठा मुलगा तिसरीकडेच. मग घटस्फोट, मग पोटापाण्याचं काय, मग गाणं. त्या दिवसांत आमच्या मजल्यावरच्या दोन बायकांनी स्वतःच्या नावानं बँकेत खातं उघडलं. त्यांनी मालिकेचं नाव घेतलं नाही, पण मला वेळ बरोबर लक्षात आहे. ज्या मालिकेत बाईला कळतं, ती बघून बघणारीलाही काहीतरी कळतं. पुढे त्याच मालिकेत तुम्ही अरुंधतीचं आशुतोषशी लग्न लावलंत आणि २०२४ मध्ये त्याला अपघातात मारलंत. का? पन्नाशीच्या उंबऱ्यावरच्या बाईचा दुसरा संसार कसा चालतो, हे बघायला आम्ही तयार होतो. ते लिहायला अवघड असतं, हे मान्य. अपघात सोपा असतो.

अपघातांवरून आठवलं. तुमचे निम्मे सेट आमच्या घोडबंदर रोडवर आहेत. कोलशेत म्हणा, कासारवडवली म्हणा, गायमुखच्या पुढे म्हणा, तुमच्या गाड्या आणि आमच्या टीएमटीच्या बस एकाच कोंडीत उभ्या असतात. तुमच्या कलाकारांनी या कोंडीवर जाहीर तक्रारी केल्या आहेत, त्याबद्दल आम्ही ठाणेकर त्यांचे आभारी आहोत. आमचं ऐकत नाहीत, निदान त्यांचं तरी ऐकतील. मग इतकी वर्षं या रस्त्यानं ये-जा करून तुमच्या मालिकेत ब्रेक निकामी झालेली गाडी मोकळ्या रस्त्यावर भन्नाट धावते कशी? मानपाड्याच्या पुढे संध्याकाळी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून दाखवा. गुपित सांगायला निघालेला माणूस कोंडीत अडकला आणि वेळेवर पोचला नाही, असं दाखवलंत तर मी शब्द मागे घेईन. ते आम्हाला शंभर टक्के पटेल.

आता माझ्या विषयाकडे येते. माझी सगळी नोकरी नोंदणी खात्यात गेली, ठाण्यात आणि आसपासच्या दुय्यम निबंधक कार्यालयांत. म्हणून तुमचा एक धक्का माझ्या जिवाला फार लागतो: सहीचा. खलनायिका आजोबांना दुधाचा पेला देते, दोन कागद पुढे करते, आजोबा चष्मा न लावता सही करतात. वीज कडाडते. सगळ्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीन-तीनदा जाऊन येतो. आणि ती म्हणते, “आता हे घर माझं! निघा सगळे बाहेर!” आणि सगळे निघतात. सुशिक्षित माणसं, त्यांतला एक वकील, आपापल्या बॅगा भरून पावसात उभी.

अहो, घर असं जात नाही. घराचं बक्षीसपत्र करायचं तर ते नोंदवावं लागतं, दोन साक्षीदार लागतात. लिहून देणाऱ्यानं अधिकाऱ्यासमोर यावं लागतं, किंवा त्याच्या रीतसर कुलमुखत्यारानं. ओळख पटवणारे लागतात. फोटो निघतो, अंगठा घेतात. आणि मग अधिकारी तोंडी विचारतात, दस्त तुम्हीच लिहून दिलात ना, सही तुमचीच ना? तिथं माणूस ‘नाही’ म्हणाला की दस्त नोंदवत नाहीत. १९०८ चा कायदा आहे, काल-परवाचा नाही. वर मुद्रांक शुल्क भरायचं, इंडेक्स टू म्हणजे नोंदीचा उतारा घ्यायचा, मग सोसायटीच्या कमिटीकडे अर्ज करून भागपत्रावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, नाव चढवायचं. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या स्टिकरला तीन बैठका लागतात. तुमची खलनायिका कमिटीपुढे टिकणार नाही. फसवून दस्त होतातच, नाही असं नाही, मी पाहिलेत. पण मग कोर्ट आहे, फिर्याद आहे. एवढं सगळं असताना घरातला एक माणूससुद्धा ‘कागद दाखव बघू’ असं म्हणत नाही, याचा मला राग येतो. कारण आमच्या समोर येणाऱ्या अर्ध्या बायका तेच म्हणायला घाबरायच्या, आणि तुम्ही रोज रात्री त्यांना दाखवता की म्हणायचं नसतं.

तुम्हाला कागदाचाच धक्का हवा असेल तर खरा देते. हक्कसोडपत्र.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क ९ सप्टेंबर २००५ पासून आहे. त्या दिवशी वडील हयात असायला हवे होते का, हा घोळ होता, तोही सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला मिटवला: तशी अट नाही. वडिलांनी स्वतः कमावलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलीचा वाटा १९५६ च्या कायद्यापासूनच आहे. आता नौपाड्यातल्या, पाचपाखाडीतल्या, कोपरीतल्या जुन्या इमारती बघा. चाळीस-पन्नास वर्षांच्या झाल्या, रिडेव्हलपमेंट निघालं, बिल्डरला सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. मग डोंबिवलीला, नाशिकला दिलेल्या बहिणींना फोन जातात. इतक्या वर्षांत गणपतीला ‘ये’ म्हणून एकदा सांगणारा भाऊ गाडी घेऊन न्यायला येतो. बहीण चांगली साडी नेसून येते. वहिनी तिच्यासाठी खुर्ची पुसते. कागद आधीच टाइप करून आणलेला असतो: मी स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता, माझा हक्क सोडून देत आहे.

अधिकारी विचारतात, “मजकूर वाचलात ना? कोणाचा दबाव नाही ना?”

त्या क्षणी मी किती चेहरे पाहिलेत. बहुतेक जणी भावाकडे बघतात, मग वहिनीकडे, आणि हसून म्हणतात, “छे हो, दबाव कसला, माहेर राहायला हवं ना.” सही होते. मग सगळे मिळून मिसळ खायला जातात. रडारड नाही, आवाज नाही. हा प्रसंग तुमच्या एकाही मालिकेत मी पाहिला नाही, आणि आमच्याकडे तो येता-जाता घडायचा.

एकदा एका बाईनं ‘नाही’ म्हटलं. साध्या, घाऱ्या डोळ्यांच्या, हातात प्लास्टिकची पिशवी. अधिकाऱ्यांनी नेहमीच्या आवाजात नेहमीचा प्रश्न विचारला आणि त्या म्हणाल्या, “मजकूर वाचला, पण मला नाही सोडायचा.” तितक्याच हळू. भावाला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. त्यानं पेन पुढे केलं. त्यांनी पेनचं टोपण लावून ते परत त्याच्या खिशाला अडकवलं. मग दोघं बाहेरच्या बाकावर बसून राहिली, मधे पिशवी. वहिनी फोनवर कोणाशी तरी बोलत फेऱ्या मारत होती. अर्ध्या तासानं भाऊ आत आला आणि म्हणाला, आज राहू दे. ते एकाच गाडीनं आले होते, आता परत कसे जाणार, एवढाच विचार माझ्या मनात आला. तेव्हा श्रावण चालू होता आणि राखी तोंडावर होती.

पुढे काय झालं? त्या गाडीत काय बोलणं झालं, राखीला ती गेली का, तिच्या नवऱ्यानं तिला शाबासकी दिली की शिव्या, आणि बिल्डरनं कोणाला गाठलं? दीड वर्ष चालेल अशी मालिका आहे ही, आणि सगळ्यांना सगळं माहीत आहे. लपवायला काहीसुद्धा नाही.

दुसरा राग ठाणेकर म्हणून आहे. नायिका फार हुशारी करायला लागली की तुम्ही तिला मनोरुग्णालयात टाकता. डॉक्टर फितूर, वॉर्डबॉय फितूर, एक इंजेक्शन, आणि महिनाभर ती गजाआडून ‘मी वेडी नाही’ म्हणून ओरडते. आमच्या गावाला या बाबतीत पुरेशी चेष्टा सोसावी लागते. १९०१ पासून इथं मनोरुग्णालय आहे आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद ऐकतच आम्ही मोठे झालो. तिथं माणसं बरी होतात, घरी जातात. जी बरी होऊनही जात नाहीत त्यांना न्यायला घरचे येत नाहीत म्हणून जात नाहीत. ही कथा आहे, हवी तर घ्या. पण शहाण्या बाईला कोंडायचं म्हणाल, तर २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, सुरुवातीची मुदत तीस दिवसांच्या आत, आणि रुग्ण बाई असेल तर तीन दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. खलनायिकेला एवढी सगळी माणसं विकत घ्यायची तर घर विकावं लागेल, आणि घर कसं विकतात ते मी वर सांगितलंच आहे.

स्मरणशक्तीबद्दल फार लिहीत नाही. डोक्याला मार लागून नेमका नवराच तेवढा विसरायचा, स्वयंपाक, स्तोत्रं आणि साडी नेसणं आठवायचं, आणि दुसरा मार लागला की सगळं परत यायचं, असा आजार डॉक्टरांच्या पुस्तकात नाही. ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीलाही तुम्ही विसरायला लावलंत; तिचं बाळंतपण लांबलं तेव्हा तर महाराष्ट्रभर विनोद फिरले. आम्ही मात्र काहीच विसरलेलो नसतो, ही तुमची खरी अडचण. रक्तगटाचंही तेच. रक्तगट जुळला आणि हरवलेला बाप सापडला! ओ आणि बी हे आपल्याकडचे फार सर्रास आढळणारे गट. त्या हिशोबानं आमच्या बिल्डिंगमधले निम्मे लोक एकमेकांचे आईबाप निघतील. शिवाय अगदी जवळच्या नातलगाचं रक्त चढवणं डॉक्टर शक्यतो टाळतात, हे माहीत असू द्या.

पुनर्जन्मावर मात्र बोलायचं आहे, कारण तिथं तुम्ही एक चांगला डाव हातचा घालवलात. ‘तुला पाहते रे’, २०१८-१९. सुबोध भावे यांचा विक्रांत सरंजामे, एवढा सभ्य, एवढा श्रीमंत, आणि साध्या घरातली ईशा. सगळ्या बायका त्याच्यावर फिदा. आणि मग कळतं की हा मूळचा गजेंद्र पाटील, आणि पहिल्या बायकोच्या, राजनंदिनीच्या, मरणामागे हाच आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन तट पडले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ‘आमच्या सुबोधला असं का केलं’ म्हणून मालिका सोडली. मी मनातून टाळ्या वाजवल्या. लोकप्रिय नायकाला असं उलटं करायला हिंमत लागते, आणि गोड बोलणाऱ्या मोठ्या माणसाला भुलू नकोस, हे मुलींना सांगायची याहून चांगली रीत नाही. प्रश्न एवढाच होता की ईशाला हे कसं कळणार. एवढी शिकलेली मुलगी, त्याच्याच कंपनीत वावरणारी. तिनं कागद शोधले असते, माणसं शोधली असती, तारखा जुळवल्या असत्या, तर काय बहार आली असती! तुम्ही काय केलंत, तीच राजनंदिनी निघाली. पुढच्या जन्मीची. म्हणजे तिनं काही शोधलं नाही, तिला आठवलं. ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’मध्येही गौरी-जयदीपला मारून, पंचवीस वर्षं पुढे उडी मारून, पुन्हा जन्माला घातलंत. माणसांना या जन्मात काही कळू द्यायचंच नाही, असा नियम आहे का?

तुमच्या कामाची मला कल्पना नाही असं समजू नका. आठवड्याचे सहा, कधी सातही दिवस, जाहिराती सोडून वीस-बावीस मिनिटं रोज भरायची. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्यात चित्रीकरण थांबलं तेव्हा तुम्ही गोवा, सिल्वासा गाठून मालिका चालू ठेवल्यात. त्या दिवसांत घरात कोंडलेल्या आमच्या म्हाताऱ्यांना तुमचाच आधार होता. आणि दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. देशभरातल्या पन्नास हजारांहून थोड्या अधिक घरांत मीटर बसवलेले, त्यावरून ठरतं की तुमचं कथानक पुढच्या आठवड्यात कुठे वळणार. आमच्याकडे मीटर नाही. असतं तरी सांगता आलं नसतं म्हणे. आकडा घसरला की वरून फोन येत असणार, ‘काहीतरी मोठं करा’, आणि रविवारच्या महाएपिसोडसाठी कोणाला तरी दरीत ढकलावं लागत असणार. पण त्या महाएपिसोडचा प्रोमो तुम्ही आठवडाभर दाखवता, त्यात कानाखाली मारलेली दिसते, आणि रविवारी कळतं की ते स्वप्न होतं. त्यानंतरच्या सोमवारी आमच्या घरात काय होतं, ते मीटरमध्ये येतं का बघा. टीव्ही चालूच असतो. सासूबाई झोपलेल्या असतात.

तेव्हा मागणी अशी. येत्या पाडव्यापर्यंत, ज्या ज्या मालिकेत एक माणूस दुसऱ्याला काहीतरी सांगायला तोंड उघडून उभा आहे, त्याला वाक्य पुरं करू द्या. फोन बंद ठेवा. दारावरची बेल काढून ठेवा. सांगून झाल्यावर वीज कडाडू नका, ऐकणाऱ्याला नुसतं बसू द्या. त्यानंतर जेवणाची वेळ होईल, ताटं वाढावी लागतील, आणि त्याच पंगतीत दोघांना समोरासमोर बसावं लागेल. तो भाग लिहा. मी पोळ्या आधी लाटून ठेवीन.

कळावे,
आपली,
पाचपाखाडीतली एक प्रेक्षक, निवृत्त, नोंदणी खातं

ता. क. गेल्या महिन्यात एका मालिकेत म्हाताऱ्या आजीचा अंगठा घेताना उजव्या हाताचा घेतलेला दाखवला. डाव्या हाताचा घेतात. सासूबाईंचा आम्ही घेतला होता तेव्हा त्यांनी अधिकाऱ्याला आधी तो कागद मोठ्यानं वाचायला लावला होता, पहिल्या ओळीपासून, आणि मागे रांग लागली होती.